श्रमाची समानता आणि शेवटच्या पायरीवरील स्त्री
बुरहानपूरच्या निमित्ताने एक अभ्यास

तापी नदीच्या उत्तर तीरावर वसलेल्या बुरहानपूर शहराचे नाव घेताच इतिहासाच्या अभ्यासकाला शाही किल्ला, फारुकी घराणे आणि १६१५ च्या सुमारास बांधण्यात आलेली भूमिगत पाणीयोजना यांची आठवण होते. १६३१ मध्ये बादशहा शहाजहानची पत्नी मुमताज महल हिचा प्रसूतीच्या वेळी याच शहरात अंत झाला. तिच्या स्मरणार्थ आग्र्यास उभारलेली वास्तू जगप्रसिद्ध आहे. त्याच शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने येथील तलम कापडाची आणि ते दूरदेशी जात असल्याची नोंद करून ठेवली. ते कापड विणणाऱ्या घरांतून सूत उकलणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या आणि त्याच खोलीत बाळंत होणाऱ्या स्त्रियांची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

नोंद नसणे हा या लेखाचा विषय होय. ज्या कष्टकरी स्त्रीची नोंद होत नाही, तिच्यापर्यंत समानतेचे कायदे आणि योजना पोहोचण्यास अडथळा येतो. स्त्री-पुरुष समानतेसाठी आपल्या देशात गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ प्रयत्न झाले. त्यांचा लाभ कार्यालयांतून व संघटित उद्योगांतून काम करणाऱ्या स्त्रियांना बऱ्याच अंशी मिळाला. परंतु दलित, आदिवासी व अल्पसंख्य समाजांतील ज्या स्त्रिया श्रमाच्या शेवटच्या पायरीवर उभ्या आहेत, त्यांचे काय, याचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे.

शहर आणि त्याचे श्रम

बुरहानपूर १५ ऑगस्ट २००३ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वी तो पूर्व निमाड, म्हणजे खांडवा जिल्ह्याचा भाग होता. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात लाखांहून अधिक असून तीत आदिवासींचे प्रमाण सुमारे ३० टक्के आहे. कोरकू, बारेला व भिलाला हे येथील प्रमुख आदिवासी समाज होत. शहरात विणकरीवर उपजीविका करणाऱ्या मोमीन-अन्सारी समाजाची मोठी वस्ती आहे. दक्षिणेस महाराष्ट्राची सीमा अगदी लागून असल्यामुळे मराठी, निमाडी, उर्दू व हिंदी या भाषा बाजारात एकाच वेळी कानी पडतात.

येथील अर्थव्यवहाराचे तीन ठळक आधार आहेत. शहरात यंत्रमाग, ग्रामीण भागात केळी व कापसाची शेती आणि वनक्षेत्रालगत तेंदूपानासारखी वनोपज. शहरात बुरहानपूर ताप्ती मिलची आणि जिल्ह्यात नेपानगरच्या कागद कारखान्याची परंपरा आहे. तथापि बहुसंख्य लोकांचे पोट असंघटित कामांवरच अवलंबून असते. या प्रत्येक कामात स्त्रिया आहेत, आणि प्रत्येक कामात त्यांची जागा ठरून गेलेली आहे.

यंत्रमागावर पुरुष उभा राहतो. धोट्यात बसणारी कांडी भरून देण्याचे काम घरातील किंवा शेजारपाजारची स्त्री करते. कांडी वेळेवर भरली नाही तर माग थांबतो. तरीही मोबदला मोजताना विणकराचे काम 'कारागिरी' आणि कांडीचे काम 'हातभार' समजले जाते. केळीच्या बागेत घड कापणे व गाडी भरणे ही कामे पुरुषांची. निंदणी, खत घालणे, वाळलेली पाने काढणे ही स्त्रियांची. आणि दोघांचा रोज वेगळा. विडीच्या धंद्यात तेंदूपान, तंबाखू व सूत सट्टेदार देतो, स्त्री घरी बसून विड्या वळते आणि मजुरी हजारी दराने, म्हणजे हजार विड्यांमागे ठरते. वळलेल्या मालातील काही विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढण्यात येतात. समजा, एका स्त्रीने हजार विड्या वळल्या आणि त्यांतील शंभर छाट ठरल्या, तर तिला नऊशेचीच मजुरी मिळते. शंभर विड्यांवर गेलेला वेळ तिचा बुडतो आणि छाट ठरविणारा माणूस तोच असतो ज्याच्याकडून तिला उद्याचे पान घ्यावयाचे असते. अशा स्थितीत तक्रार करण्याचे धैर्य किती जणींना होईल, हे सांगावयास नको.

या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. कामाचे ठिकाण घर किंवा शेत असते, मालक समोर नसतो आणि हजेरीपटावर स्त्रीचे नाव नसते. पुष्कळदा कामाचा हिशोब नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाने होतो.

दुहेरी भार म्हणजे काय

स्त्री म्हणून होणारा अन्याय आणि जात, जमात वा धर्म यांमुळे होणारा अन्याय हे दोन निराळे प्रश्न आहेत, असे मानण्याची प्रशासनातही सवय आहे. एका प्रश्नासाठी महिला व बालविकास विभाग, दुसऱ्यासाठी समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभाग आणि मजुरीचा प्रश्न निघाल्यास कामगार विभाग, अशी कामाची वाटणी असते. परंतु प्रत्यक्ष जीवनात कोरकू स्त्री सकाळी आदिवासी, दुपारी मजूर व सायंकाळी स्त्री अशी नसते. तिन्ही भार एकाच वेळी तिच्या डोक्यावर असतात, आणि ते एकत्र आले म्हणजे त्यांची नुसती बेरीज होत नाही. त्यांतून एक निराळीच अडचण उत्पन्न होते.

ही गोष्ट स्पष्ट करण्यासाठी अमेरिकेतील एका खटल्याचे उदाहरण उद्बोधक आहे. जनरल मोटर्स या मोटार कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णी स्त्रियांना नोकरीवर घेतलेच नव्हते. पुढे त्यांची भरती झाली. परंतु मंदीच्या काळात कपात करण्याची वेळ आली तेव्हा 'शेवटी आलेला प्रथम बाहेर' या सेवाज्येष्ठतेच्या नियमानुसार १९७० नंतर लागलेल्या सर्व कृष्णवर्णी स्त्रियांच्या नोकऱ्या गेल्या. पाच स्त्रिया न्यायालयात गेल्या. १९७६ च्या निकालात न्यायालयाने त्यांचे म्हणणे स्वीकारले नाही. कंपनीने स्त्रियांना पूर्वीपासून नोकऱ्या दिल्या होत्या, सबब लिंगभेद नाही, असे न्यायालयाचे मत पडले. वंशभेदाची तक्रार स्वतंत्रपणे मांडावी, दोन्ही कारणे एकत्र करून तिसराच वर्ग निर्माण करता येणार नाही, असा त्याचा अभिप्राय होता. परंतु कंपनीने पूर्वी घेतलेल्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि कारखान्यात घेतलेले कृष्णवर्णी कामगार पुरुष होते. ज्या दोन्ही होत्या, त्यांना कायद्याच्या दोन दरवाजांपैकी एकही उघडला नाही. १९८० मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात तेथील वरिष्ठ न्यायालयाने, कृष्णवर्णी पुरुषांवर वा गोऱ्या स्त्रियांवर अन्याय झाला नसला तरी कृष्णवर्णी स्त्रियांवर अन्याय होऊ शकतो, हे तत्त्व मान्य केले. १९८९ मध्ये किम्बर्ली क्रेनशॉ या विधिज्ञ विदुषीने या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी केली. चौकात उभ्या असलेल्या व्यक्तीला कोणत्याही रस्त्याने येणाऱ्या वाहनाचा, प्रसंगी एकाच वेळी अनेक वाहनांचा धक्का लागू शकतो, असा तिच्या मांडणीचा आशय आहे.

आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये एका प्रकरणात हाच विचार सविस्तर मांडला. त्या प्रकरणातील पीडित मुलगी अंध होती आणि अनुसूचित जातीची होती. लिंग, जात व अपंगत्व हे घटक सुटे सुटे न पाहता त्यांचा एकत्रित परिणाम ध्यानात घेतला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

आपल्या इतिहासातील दाखले

हा विचार परदेशातून आलेला आहे, असे समजण्याचे कारण नाही. सूत आणि जात यांचा संबंध मराठी मुलखास जुन्या काळापासून ठाऊक आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणाई खात्यातील कामाची मजुरी चांगली असे. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे व त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण सांगण्यात येई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला. गिरण्यांतील स्त्रिया मुख्यतः सूत उकलण्याच्या व गुंडाळण्याच्या कमी मजुरीच्या खात्यांत होत्या. म्हणजे दलित पुरुषाला विणाई जातीमुळे बंद, सवर्ण स्त्रीला ती स्त्रीत्वामुळे बंद, आणि दलित स्त्रीला दोन्ही कारणांनी बंद, अशी स्थिती होती. जातीचा अडसर दूर झाला असता तरी दुसरा तसाच राहिला असता.

त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांना प्रसूतीच्या काळात वेतन मिळावे, असे विधेयक चर्चेस आले आणि डॉ. आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. या खर्चाचा भार एकट्या कामगार स्त्रीवर पडता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा संमत झाला. देशातील प्रसूती संरक्षणाच्या कायद्यांची ही सुरुवात मानली जाते.

यापुढचा दाखला बुरहानपूरच्या वाचकास अधिक जवळचा वाटेल. कारण १९५६ पर्यंत निमाड जिल्हा ज्या मध्यप्रांतात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्याच नागपुरात २० जुलै १९४२ रोजी अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या स्त्रियांपुढे जे ठराव संमत झाले, त्यांत गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका व रेल्वे यांमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा व एक महिना हक्काची रजा मिळावी, कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा किमान १५ रुपये निवृत्तिवेतन मिळावे, अशी मागणी होती. स्त्री कामगार असलेल्या गिरण्यांत देखरेखीसाठी स्त्रियाच नेमाव्यात, असेही त्या परिषदेने मागितले. नागपूरच्या गिरणी कामगार स्त्रियांचे नेतृत्व करणाऱ्या राधाबाई कांबळे या त्यापूर्वीच, १९२९ नंतरच्या शाही कामगार आयोगापुढे साक्ष देऊन आल्या होत्या. कामठी-नागपूर रस्त्याने डोक्यावरून ओझी वाहिलेल्या जाईबाई चौधरी यांनी १९२२ मध्ये मुलींसाठी शाळा काढली होती.

या स्त्रियांच्या मागण्यांची यादी आजही वाचण्यासारखी आहे. रजा, भरपाई, निवृत्तिवेतन आणि स्त्री पर्यवेक्षक, ही कामाच्या ठिकाणच्या समानतेची चौकट त्यांनी स्वानुभवातून तयार केली होती. विशेष म्हणजे विडी कामगार स्त्रीचे नाव त्यांनी त्या यादीत आवर्जून घातले होते. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ प्रसिद्ध करीपर्यंत या परिषदेची माहिती सामान्य वाचकांपर्यंत फारशी पोहोचली नव्हती.

कायदे आणि त्यांची पोच

१९७१ मध्ये केंद्र शासनाने स्त्रियांच्या दर्जाविषयी समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्षा व वीणा मजुमदार सदस्य-सचिव होत्या. १९७४ च्या अखेरीस पूर्ण झालेल्या तिच्या अहवालाने श्रमिक स्त्रियांची ढासळती स्थिती देशापुढे मांडली. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. त्याच वर्षी समान वेतनाचा वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. १९८७ मध्ये इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखाली असंघटित क्षेत्रातील स्त्रियांविषयी राष्ट्रीय आयोग नेमण्यात आला व १९८८ मध्ये त्याचा 'श्रमशक्ती' हा अहवाल सादर झाला. घरी बसून काम करणारी स्त्री ही कामगारच आहे, हे त्या अहवालाचे मुख्य प्रतिपादन होते.

१९७६ चा समान वेतन कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये विलीन झाला असून ही संहिता इतर तीन कामगार संहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. एकाच आस्थापनेत एकसारख्या किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून वेतनात भेद करता येणार नाही, हे तत्त्व तीत कायम आहे. कौशल्य, श्रम, अनुभव व जबाबदारी सारखी असल्यास काम समान स्वरूपाचे मानले जाते. तत्त्व निर्विवाद आहे. परंतु ते लागू करण्यासाठी तुलना करावी लागते, आणि तुलनेसाठी तेच काम करणारा पुरुष त्याच आस्थापनेत असावा लागतो. कांडी भरण्याच्या कामावर पुरुष नाहीच, तर तुलना कोणाशी करावयाची? घरी विड्या वळणाऱ्या शंभर स्त्रियांच्या शेजारी विड्या वळणारा पुरुष नसेल, तर असमान वेतन सिद्ध कसे व्हावयाचे? ज्या कामात केवळ स्त्रियाच, आणि त्याही विशिष्ट समाजांतील, लोटल्या गेल्या आहेत, त्या कामाचा दरच मुळात खाली असतो. तेथे समान वेतनाच्या तरतुदीपेक्षा किमान वेतनाची अंमलबजावणी अधिक उपयोगी पडते. संहितेने किमान वेतनाचा हक्क सर्व कामगारांना दिला आहे आणि नगावर मजुरी मिळवणाऱ्यांसाठीही दर ठरविण्याची सोय केली आहे. यास्तव हजारी दर व कांडीचा दर ठरविताना आठ तासांत एका सामान्य स्त्रीच्या हातून किती काम होते, हे प्रत्यक्ष मोजून पाहणे, ही समानतेची पहिली पायरी ठरेल.

प्रसूती लाभाचेही तसेच आहे. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ज्या स्त्रीला नियुक्तिपत्र नाही, तिला ही रजा देणार कोण? तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे व तीत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. ही मदत मोलाची आहे, हे खरेच. परंतु एकीकडे सहा महिन्यांचा पगार आणि दुसरीकडे ही रक्कम, यांतील अंतर डोळ्यांआड करता येत नाही. बाळंतपणानंतर आठवड्याभरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळावयास बसणाऱ्या स्त्रीला विश्रांती हवी असते, आणि ती तंबाखूच्या धुळीपासून दूर हवी असते.

विडी कामगारांबाबत एक गोष्ट नमूद करणे उचित होईल. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कंत्राटदाराकडून कच्चा माल घेऊन घरी काम करणाऱ्यालाही कामगार मानले आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. घरखेप करणारी स्त्री ही कामगार ठरू शकते, याचा तो ठोस दाखला होता. हा कायदाही आता नव्या संहितेत विलीन झाला आहे. जे विडीच्या बाबतीत शक्य झाले, ते कांडी भरणारीच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण नाही.

भंवरीदेवीचा धडा

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचा उगम पाहिला म्हणजे प्रस्तुत विषयाचे मर्म ध्यानी येते. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी या कुंभार समाजातील स्त्री राज्य शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करीत होत्या. १९९२ मध्ये त्यांनी आपले कर्तव्य म्हणून गावातील एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. आरोपी गावातील वरचढ जातींचे होते. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना अत्याचाराच्या आरोपातून मुक्त केले. या घटनेनंतर 'विशाखा' व इतर संस्थांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, तीवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि त्यांतून २०१३ चा कायदा जन्मास आला.

या कायद्यामुळे देशभरच्या कार्यालयांत तक्रार समित्या आल्या, प्रशिक्षणे सुरू झाली, भिंतीवर फलक लागले. असंख्य सुशिक्षित नोकरदार स्त्रियांना त्याचा आधार मिळाला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्या स्त्रीच्या वेदनेतून तो उभा राहिला, तिचे काम खेड्यातले, मानधन तुटपुंजे आणि जात उतरंडीत खालची होती. तिच्यासारख्या स्त्रीला आज तक्रार करावयाची झाल्यास ती कोठे जाईल? या कायद्याची अंमलबजावणी किती झाली, हे मोजण्याचे खरे माप हेच आहे.

कायद्यात या प्रश्नाचे उत्तर आहे. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रियांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. कायद्यातील 'कर्मचारी' या संज्ञेत कंत्राटदारामार्फत घेतलेली व्यक्तीही येते आणि 'कामाचे ठिकाण' या संज्ञेत घराचाही समावेश आहे. कामानिमित्त जावे लागते ते ठिकाणही त्यात मोडते. यास्तव माल देण्यासाठी सट्टेदाराच्या दुकानी गेलेल्या स्त्रीलाही कायद्याचे संरक्षण मिळू शकते. ग्रामीण व आदिवासी भागात गट वा तहसील पातळीवर आणि शहरात प्रभाग पातळीवर तक्रार स्वीकारणारा अधिकारी नेमून त्याने सात दिवसांत तक्रार समितीकडे पाठवावयाची असते. तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आत लेखी करावयाची असून लिहिता न येणाऱ्या स्त्रीस लिहून देण्याचे साहाय्य करणे बंधनकारक आहे.

आणखी एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. स्थानिक समितीवर नेमावयाच्या सदस्यांत किमान एक स्त्री अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्य समाजातील असलीच पाहिजे, असे कायदा सांगतो. कोणासमोर बोलावयाचे यावर स्त्री बोलेल की नाही हे पुष्कळदा अवलंबून असते, हे सत्य विधिमंडळाने येथे ओळखले. कार्यालयांच्या अंतर्गत समित्यांवर निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. परंतु त्या कोणत्या समाजातील असाव्यात, याविषयी मात्र तेथे अशी अट नाही. त्यामुळे सर्व स्त्री सदस्य एकाच स्तरातील आणि तक्रारदार मात्र सफाईचे काम करणारी कंत्राटी स्त्री, असा प्रसंग उद्भवू शकतो. कायद्याने अट घातलेली नाही म्हणून कार्यालयप्रमुखाने स्वतःहून तशी निवड करण्यास कोणतीही आडकाठी नाही.

स्थानिक समित्या अनेक जिल्ह्यांत कागदावरच होत्या, हे मान्य केले पाहिजे. गोव्यातील एका प्रकरणाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये अंमलबजावणीतील गंभीर त्रुटींबद्दल खेद व्यक्त केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी व स्थानिक समिती मुदतीत नेमण्याचे आदेश राज्यांना दिले.

काय करता येईल

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य सूचना निघतात. त्यांपैकी बहुतेकांना नवा कायदा वा मोठा खर्च लागत नाही.

(१) नोंद स्त्रीच्या स्वतःच्या नावे व्हावी. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत देशातील ३० कोटींहून अधिक असंघटित कामगार आले असून त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. कांडी भरणाऱ्या, विडी वळणाऱ्या व केळीच्या बागेत राबणाऱ्या स्त्रियांच्या नोंदणीसाठी त्यांच्या मोहल्ल्यात व पाड्यावर, त्यांच्या सोयीच्या वेळी शिबिरे घ्यावीत.

(२) आकडे एकत्र पाहावेत. 'स्त्रिया इतक्या' आणि 'अनुसूचित जाती-जमातीचे इतके' असे दोन रकाने भरल्याने अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रिया किती, हे कळत नाही. तिसरा रकाना काढला म्हणजे कोणत्या श्रेणीत त्या आहेत आणि कोणत्या श्रेणीत त्यांचा शोध घ्यावा लागतो, हे आपोआप दिसेल.

(३) माहिती त्यांच्या भाषेत द्यावी. तक्रार समितीचा फलक जिल्हा कचेरीच्या भिंतीवर इंग्रजीत लावल्याने काम भागत नाही. बुरहानपूरसारख्या सीमावर्ती जिल्ह्यात तो हिंदी, मराठी व उर्दूत असावा आणि कोरकू व बारेली बोलणाऱ्या वस्त्यांत तोंडी सांगण्याची व्यवस्था असावी. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व बचत गट यांचे साहाय्य येथे मोलाचे ठरेल.

(४) दर ठरविताना काम करणाऱ्या स्त्रीला बोलवावे. हजारी दर, कांडीचा दर किंवा शेतमजुरीचा दर यांविषयीच्या बैठकांत ते काम स्वतः करणाऱ्या स्त्रिया असाव्यात. छाट ठरविण्याची पद्धत उघड असावी आणि बाजूला काढलेला माल मोजून दाखविण्याची प्रथा पाडावी.

(५) कंत्राटी कामगारांना समानतेच्या कार्यक्रमात सामील करावे. महिला दिनी कार्यालयातील सत्कार व व्याख्यानाच्या वेळी चहाचे पेले उचलणारी व व्हरांडा झाडणारी स्त्री सहसा श्रोत्यांत नसते. तिला बसावयास खुर्ची द्यावी, हे औपचारिक वाटेल; परंतु समिती तिच्यासाठीही आहे, हे तिला कळण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

(६) विभागांनी संयुक्तपणे काम करावे. कामगार, महिला व बालविकास आणि सामाजिक न्याय या विभागांच्या तालुका अधिकाऱ्यांनी ठराविक काळाने एकत्र बसावे, जेणेकरून एका दारी आलेल्या स्त्रीस 'हे आमच्याकडे येत नाही' असे उत्तर मिळणार नाही.

कार्यालयप्रमुखांसाठी काही प्रश्न

प्रत्येक कार्यालयप्रमुखाने पुढील प्रश्न स्वतःस विचारून पाहावेत. आपल्या आस्थापनेत अनुसूचित जाती, जमाती व अल्पसंख्य समाजांतील स्त्रिया किती आहेत आणि त्या कोणत्या कामावर आहेत? गेल्या पाच वर्षांत त्यांच्यापैकी किती जणी प्रशिक्षणास पाठविल्या गेल्या? अंतर्गत समितीवर त्यांच्यापैकी कोणी आहे काय? कंत्राटदारामार्फत आलेल्या स्त्रियांना किमान वेतन हाती मिळते की नाही, हे कोणी तपासले आहे काय? त्यांच्यासाठी स्वच्छतागृह आहे काय, आणि ते इतरांच्याच स्वच्छतागृहासारखे आहे काय? या प्रश्नांची उत्तरे देण्यास फार तर एक दिवस लागेल. ती लिहून ठेवली म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल.

समारोप

२०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग २३.३ टक्के होता. २०२३-२४ च्या पाहणीत तो ४१.७ टक्के आढळला. या वाढीचा मोठा भाग स्वयंरोजगारात, आणि त्यातही घरच्या व्यवसायात विनावेतन मदत करणाऱ्या स्त्रियांत आहे. म्हणजे अधिक स्त्रिया कामगार म्हणून मोजल्या जाऊ लागल्या आहेत. त्यांना कामगाराचे हक्क मिळणे अद्याप पुष्कळसे बाकी आहे.

समानतेचा कार्यक्रम वरून सुरू केला म्हणजे तो हळूहळू झिरपत खाली जाईल, अशी अपेक्षा आजवर धरण्यात आली. अनुभव असा आहे की तो मधल्या पायरीवरच अडतो. याउलट जी व्यवस्था कोरकू मजूर स्त्रीला, विडी वळणाऱ्या मुस्लिम स्त्रीला आणि सफाई करणाऱ्या दलित स्त्रीला पुरेशी पडते, ती कार्यालयातील लिपिक भगिनीला आपोआपच पुरते. नागपूरच्या परिषदेतील स्त्रियांनी १९४२ मध्ये विडी कामगार व गिरणी कामगार स्त्रीसाठी मागितलेली रजा, भरपाई व निवृत्तिवेतन संघटित क्षेत्रातील स्त्रियांना आज हक्काने मिळते. मागणी करणाऱ्यांच्या लेकी-सुनांपैकी ज्या अजून घरी सूप घेऊन बसल्या आहेत, त्यांच्यापर्यंत ते पोहोचविणे हे काम शिल्लक आहे, आणि त्याचा आरंभ हजेरीपटावर त्यांचे नाव लिहिण्यापासून करावयाचा आहे.